आफ्रिकेच्या ग्रुप टूरला निघताना: बुकिंगपासून नैरोबीपर्यंत

दुबई-सिंगापूर झालं, युरोप झाला, आता सिंह-हत्ती मोकळ्यावर बघायचे म्हणून बरीच मुंबईकर मराठी मंडळी केनियाकडे वळतात. ग्रुप टूर म्हटली की घरात एक वाक्य हमखास ऐकू येतं, "कंपनी बघेल सगळं." कंपनी पुष्कळ बघते. विमान, हॉटेल, जीप, जेवण, परवान्याचे अर्ज हे तिचं काम. पण लस तुमच्या दंडात टोचायची असते, पासपोर्टवरचं नाव तुमचं असतं, आणि बॅगेत कोंबलेल्या प्लास्टिकच्या पिशव्यांबद्दल नैरोबीच्या कस्टम्सला उत्तरही तुम्हालाच द्यावं लागतं. या लेखात तुमच्या वाट्याची ही कामं ज्या क्रमानं करावी लागतात त्या क्रमानं दिली आहेत. आफ्रिकेत पहिल्यांदा पाऊल ठेवणारे बहुतेक जण मसाई मारा या तिथल्या अभयारण्याचीच टूर घेतात, म्हणून उदाहरण केनियाचं धरलं आहे.

महिना आधी, कंपनी नंतर

विल्डबीस्ट या गवत खाणाऱ्या शिंगाळ प्राण्यांचे लाखोंचे कळप टांझानियातल्या सेरेंगेटीतून मसाई मारात येतात ते साधारण जुलै ते ऑक्टोबर या काळात. मारा नदी ओलांडतानाची ती प्रसिद्ध दृश्यं याच दिवसांतली. पण आपल्या शाळांना सुट्टी असते एप्रिल-मेमध्ये, आणि केनियात मार्च ते मे हा मोठ्या पावसाचा काळ. तेव्हा जंगल हिरवंगार असतं, गर्दी कमी असते, पण रस्ते चिखलाचे होतात आणि उंच गवतात प्राणी दिसायला वेळ लागतो. मुलांबरोबर जायचं असेल तर दिवाळीच्या सुट्टीकडे बघा. स्थलांतराचं शेपूट सापडलं तर सापडलं, नाहीतर सिंह, हत्ती, जिराफ काही कुठे जात नाहीत. ते वर्षभर तिथेच राहतात.

निवृत्त मंडळींना ऑगस्ट-सप्टेंबर सोपा. अडतं ते गणपतीपाशी. घरी गणपती असेल तर तारखा ठरवताना कॅलेंडर उघडूनच बसा. आगाऊ रक्कम भरल्यावर गौरी त्याच आठवड्यात आल्याचं लक्षात आलं, तर कॅन्सलेशनचे नियम गौरींसाठी सैल होत नाहीत.

पैसे भरण्याआधी विचारायचे प्रश्न

जाहिरातीतला मोठा आकडा बाजूला ठेवा. पहिला प्रश्न जीपचा: एका गाडीत किती माणसं? सफारीच्या गाड्या दोन प्रकारच्या असतात, वर छत उघडणारी मिनी व्हॅन आणि फोर-बाय-फोर लँड क्रूझर. पावसानं वाट बिघडली की दोन्हींतला फरक कळतो. गाडी कुठलीही असो, प्रत्येकाला स्वतःची खिडकी मिळणार का, हे लेखी घ्या. गाडीत सहा जण म्हणजे सहसा प्रत्येकाला खिडकी. त्याहून जास्त बसवले तर कुणीतरी तिथवर जाऊन समोरच्याच्या खांद्यावरून सिंह बघणार. टूरच्या किमतीत पाच-दहा हजारांचा फरक असेल आणि तो या एका गोष्टीमुळे असेल, तर महाग टूर घ्या.

दुसरा प्रश्न प्रवेश शुल्काचा. जुलै २०२४ पासून परदेशी प्रौढ पर्यटकाला मसाई मारात दिवसाला जुलै ते डिसेंबर २०० डॉलर आणि जानेवारी ते जून १०० डॉलर पडतात. तिकीट सकाळी ६ ते संध्याकाळी ६ असं बारा तासांचं असतं. हे शुल्क टूरच्या किमतीत धरलंय की नाही, आणि मारात नेमके किती पूर्ण दिवस आहेत, ते विचारा. "मसाई मारा, ३ दिवस" यातला पहिला दिवस बराचसा नैरोबीहून येण्यात जातो (अंतर २७० किलोमीटरच्या आसपास, पण पाच-सहा तास लागतात) आणि तिसरा परत जाण्यात. खरी सफारी मधल्या एका दिवसाची. यात कंपनी काही लपवत नाही, कार्यक्रमपत्रिकेत सगळं छापलेलं असतं. आपण ते वाचत नाही, एवढंच.

मग राहिलेल्या गोष्टी: हॉट एअर बलूनचे पैसे वेगळे का, ड्रायव्हर-गाइडची टिप आधीच कापली आहे का, एकटं जाणाऱ्याला खोलीचे जादा पैसे किती, टूर मॅनेजर मुंबईहूनच सोबत येणार की नैरोबीला भेटणार. घरात ज्येष्ठ असतील तर शेवटच्या प्रश्नाला महत्त्व आहे. इमिग्रेशनच्या रांगेत इंग्रजी प्रश्नाला गडबडून जाणाऱ्या आजींबरोबर मुंबईच्या सहार विमानतळापासून कुणीतरी आपलं माणूस असलेलं बरं.

पॅकेजवर ५ टक्के जीएसटी लागतो आणि त्याखेरीज टीसीएस, म्हणजे पैसे भरतानाच आगाऊ घेतला जाणारा कर, कापला जातो. टीसीएसचे दर अर्थसंकल्पागणिक बदलत आले आहेत, म्हणून बुकिंगच्या दिवशीचा दर विचारा आणि पॅन नंबर अचूक द्या. हा पैसा बुडीत नाही. तो तुमच्या पॅनवर जमा होऊन आयकर खात्याच्या वार्षिक कर-विवरणपत्रात दिसतो आणि आयकर भरताना वळता होतो. ज्यांचं उत्पन्न करपात्र नाही त्यांनाही तो परत मिळतो, पण त्यासाठी रिटर्न भरावं लागतं. पेन्शनवर जगणाऱ्या बऱ्याच काका-काकूंचे पैसे केवळ रिटर्न न भरल्यामुळे अडकून राहतात.

पासपोर्ट आणि ईटीए

पासपोर्ट प्रवासाच्या तारखेनंतर किमान सहा महिने चालू हवा आणि त्यात कोरी पानं हवीत. मुदत कमी असेल तर लोअर परळ, अंधेरी, मालाड किंवा ठाण्याच्या पासपोर्ट सेवा केंद्राची अपॉइंटमेंट आधी घ्या, बाकी सगळं त्यानंतर. यापुढचं प्रत्येक काम पासपोर्टच्या नंबरावर चालतं.

आपल्याकडे नावांचा घोळ असतो. पॅनवर वडिलांचं नाव, पासपोर्टवर नवऱ्याचं, आधारवर तिसरंच काही. विमानाच्या तिकिटावर पासपोर्टवरचंच नाव हवं, अक्षरन् अक्षर. व्हॉट्सअ‍ॅपवर नाव टाइप करून पाठवू नका, पासपोर्टच्या पहिल्या आणि शेवटच्या पानाचा स्वच्छ स्कॅन पाठवा.

केनियानं जानेवारी २०२४ पासून व्हिसा बंद करून ईटीए सुरू केला. ही ऑनलाइन आगाऊ परवानगी असते. अर्ज बहुधा कंपनीच भरते, पण मंजुरीची प्रत हातात आली की पासपोर्ट नंबर, जन्मतारीख आणि नाव स्वतः ताडून बघा. टूरमध्ये टांझानियाही असेल तर त्याचा व्हिसा वेगळा. केनिया, युगांडा आणि रवांडासाठी एकत्र पूर्व आफ्रिकी पर्यटक व्हिसा मिळतो, पण त्यात टांझानिया येत नाही.

पिवळं कार्ड

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो, म्हणून जरा सावकाश.

येलो फीव्हर, म्हणजे पीतज्वर, डासांमुळे पसरतो. केनिया या रोगाच्या जोखमीच्या देशांत मोडतो. त्याची लस घेतल्याचा दाखला म्हणजे पिवळं कार्ड. थेट भारतातून जाणाऱ्याकडे केनिया सहसा हे कार्ड मागत नाही. मागतो तो भारत, तुम्ही परत येताना. कारण साधं आहे. हा रोग पसरवणारा एडिस डास आपल्याकडे मुबलक आहे, डेंगीमुळे मुंबईकराची त्याच्याशी चांगली ओळख आहे, पण पीतज्वराचा विषाणू मात्र भारतात नाही. तो एकदा शिरला तर काय होईल या धास्तीनं आपलं सरकार या बाबतीत फार कडक आहे. वैध कार्डाशिवाय उतरलेल्या प्रवाशाला सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवता येतं. "मला तर बरं वाटतंय" या युक्तिवादाचा तिथे उपयोग नसतो.

लस कुठल्याही दवाखान्यात मिळत नाही, फक्त सरकारमान्य केंद्रांवर मिळते. मुंबईत विमानतळ आरोग्य संघटना आणि बंदर आरोग्य संघटना या केंद्र सरकारच्या संस्था ती देतात. लशीचे दिवस आणि अपॉइंटमेंटची पद्धत ठरलेली असते आणि एका कुपीत अनेकांचे डोस असल्यामुळे नावं आधी नोंदवावी लागतात. म्हणून चौकशी करूनच घराबाहेर पडा. जाताना मूळ पासपोर्ट न्या, त्याचा नंबर कार्डावर लिहिला जातो.

कार्ड वैध होतं लस घेतल्याच्या दहा दिवसांनंतर. कागदोपत्री निघण्याआधी दहा दिवस पुरतात, पण महिनाभर आधी उरकून टाका. अपॉइंटमेंट हुकली किंवा त्या दिवशी ताप आला तर हाताशी वेळ राहतो. पूर्वी हे कार्ड दहा वर्षांनी बाद व्हायचं. ११ जुलै २०१६ पासून ते आयुष्यभरासाठी ग्राह्य धरतात, आणि त्याआधी घेतलेल्या लशीलाही हाच नियम. मर्चंट नेव्हीत नोकरी केलेल्या काकांचं जुनं कार्ड कपाटात असेल तर ते शोधा. पासपोर्ट बदलला असेल तर जुना पासपोर्टही सोबत ठेवा.

लस जिवंत पण दुर्बल केलेल्या विषाणूची असते, म्हणून ती सगळ्यांना देता येत नाही. अंड्याची तीव्र अ‍ॅलर्जी, कर्करोगाचे उपचार, प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं, गर्भारपण यांपैकी काही असेल तर आधी डॉक्टर. साठीनंतर पहिल्यांदा लस घेणाऱ्यांत गंभीर दुष्परिणाम दुर्मीळच असतात, पण तरुणांपेक्षा जास्त आढळतात. आपल्या ग्रुप टूरमधली निम्मी मंडळी याच वयाची, त्यामुळे फॅमिली डॉक्टरशी बोलणं टाळू नका. डॉक्टरांनी लस नको म्हटलं तर वैद्यकीय सूटपत्र मिळतं, मात्र त्यावर परतताना मुंबईला काय होईल हे बुकिंगच्या आधीच त्या केंद्रात विचारून घ्या. या एका कारणासाठी टूर रद्द करणं किंवा दक्षिण आफ्रिकेसारखा पीतज्वर नसलेला देश निवडणं हाही शहाणपणाचा निर्णय असू शकतो.

मलेरिया, औषधं, विमा

नैरोबी शहरात मलेरियाची भीती कमी, मारासारख्या भागात ती आहे. प्रतिबंधक गोळ्या डॉक्टरच्या चिठ्ठीनं घ्या. त्या निघण्याआधी सुरू होतात आणि औषधाप्रमाणे परतल्यावरही आठवडाभर ते चार आठवडे चालू ठेवाव्या लागतात. बहुतेक जण घरी आल्यावर त्या बंद करतात. परतल्यावर काही आठवड्यांत ताप आला तर डॉक्टरला पहिलं वाक्य "आफ्रिकेहून आलोय" हेच सांगा. पावसाळी मुंबईत ताप म्हटला की डेंगी आणि लेप्टोकडे लक्ष जातं, आणि तिथला फॅल्सिपेरम हा घातक प्रकारचा मलेरिया थांबून राहत नाही.

रोजची औषधं टूरच्या दिवसांपेक्षा आठवडाभर जास्त घ्या, हँडबॅगेत, मूळ पाकिटात, चिठ्ठीसकट. चिठ्ठीवर औषधाचं शास्त्रीय नाव असू द्या, आपला ब्रँड नैरोबीच्या केमिस्टला ठाऊक असेलच असं नाही.

विम्यात मधुमेह, रक्तदाब, जुनी अँजिओप्लास्टी लपवू नका. लपवलेला आजार दावा नाकारायला पुरेसा असतो. पॉलिसीत वैद्यकीय स्थलांतर, म्हणजे विमानानं इस्पितळात हलवण्याचा खर्च, आहे ना ते बघा. माराच्या मध्यावरून रुग्ण हलवायचा तर बऱ्याचदा छोटं विमानच लागतं. आम्रेफ फ्लाइंग डॉक्टर्स ही नैरोबीची संस्था १९५७ पासून तेच काम करते.

डॉलर

रोख डॉलर थोडे आणि उरलेले फॉरेक्स कार्डावर. नोटा नव्या मागा. जुन्या छपाईच्या, डाग पडलेल्या किंवा पेननं लिहिलेल्या डॉलरच्या नोटा पूर्व आफ्रिकेत सर्रास नाकारतात. १, ५ आणि १० च्या नोटा जास्त ठेवा, टिप आणि किरकोळ खरेदीला त्याच लागतात. केनियाचं स्वतःचं चलन शिलिंग, आणि २००७ मध्ये सुरू झालेल्या एम-पेसा या सेवेमुळे मोबाइलवरून पैसे देणं तिथे भाजीवालीपर्यंत पोचलेलं आहे. आपलं यूपीआय मात्र तिथे उपयोगाचं नाही.

बॅग

केनियानं २८ ऑगस्ट २०१७ पासून प्लास्टिकच्या कॅरी बॅगवर बंदी घातली, आणि तिथल्या कायद्यातला दंड आणि कैद आपल्याकडच्यासारखी कागदावरची वाटत नाही. जून २०२० पासून राष्ट्रीय उद्यानांत आणि इतर संरक्षित क्षेत्रांत एकदाच वापरायच्या प्लास्टिकवरही बंदी आहे, म्हणजे पाण्याची बाटलीसुद्धा आली. टांझानियाची पिशवीबंदी २०१९ ची. आता आपली बॅग भरायची पद्धत आठवा: चपला एका पिशवीत, ओले कपडे दुसऱ्या, चिवडा तिसऱ्या, तिला गाठ मारून वर चौथी. हे सगळं घरीच सोडा. साडीच्या दुकानातून मिळालेल्या कापडी पिशव्या इतकी वर्षं साठवल्यात, त्यांचा मुहूर्त आला. चकली-चिवडा स्टीलच्या किंवा घट्ट झाकणाच्या डब्यात, पाण्याला स्टीलची बाटली. सहारच्या ड्यूटी फ्रीमध्ये खरेदी केलीत तर त्यांची प्लास्टिकची पिशवीही विमानातून उतरण्याआधी काढून टाका.

खाण्याचं फार ओझं नेऊ नका. लॉजच्या बुफेत भात, डाळ, भाजी, चपाती बहुधा मिळते. चपाती हा शब्द स्वाहिलीतही तोच आहे, चहाला तिथेही 'चाय'च म्हणतात. १८९६ ते १९०१ मध्ये मोंबासाहून आत जाणारी रेल्वे बांधायला हजारो हिंदी मजूर नेले होते, आणि गुजराती दुकानदारही पिढ्यान्‌पिढ्या तिथेच आहेत, त्याचा हा परिणाम. ताजी फळं, बिया, मांस नेऊ नका. सुकं खोबरं अनेक विमान कंपन्या नाकारतात, म्हणून तेही नको. आणि लॉजच्या खोलीत डबा उघडा ठेवून खिडकीही उघडी ठेवलीत, तर तुमचे बेसनाचे लाडू माकडं खातील. ती याच कामावर नेमलेली असल्यासारखी टपून बसतात.

आफ्रिका म्हणजे गरम, या समजुतीनं सुती कपडेच भरणारे बरेच असतात. नैरोबी समुद्रसपाटीपासून १,७९५ मीटर उंचीवर आहे, महाबळेश्वरपेक्षाही चारेकशे मीटर वर. मारा थोडं खाली असलं तरी जुलै-ऑगस्टच्या पहाटे उघड्या छताच्या जीपमध्ये दात वाजतात आणि दुपारी ऊन टोचतं. म्हणून एक जाड जाकीट आणि त्याखाली काढता-घालता येतील असे थर. कानटोपी घ्या, हसणारे हसू देत. रंग खाकी, मळकट, धुळीत खपणारे. लष्करी छापाचे कपडे घेऊ नका, केनियात ते सामान्य माणसाला घालता येत नाहीत. ड्रोनही घरी ठेवा, परवान्याशिवायचा ड्रोन विमानतळावरच अडकवून ठेवतात.

बॅग मऊ घ्या. जीपच्या मागच्या जागेत कडक ट्रॉली बॅगा मावत नाहीत, आणि माराला छोट्या विमानानं जाणार असाल तर मर्यादा सहसा १५ किलोची, तीही मऊ बॅगेचीच. केनियातला सॉकेट तीन चौकोनी पिनांचा, इंग्लंडसारखा. त्याचा अ‍ॅडॉप्टर लोहार चाळीत किंवा क्रॉफर्ड मार्केटजवळ स्वस्तात मिळतो. पॉवर बँक हँडबॅगेतच. दुर्बीण मात्र माणशी एक. एका दुर्बिणीवर चार जण म्हणजे चित्ता निघून गेल्यावर पाळी येते. महागडा कॅमेरा-लेन्स नेत असाल तर बिल सोबत ठेवा किंवा जाताना कस्टम्सकडून निर्यात प्रमाणपत्र करून घ्या, म्हणजे परतताना "तिकडून आणलंय का?" हा प्रश्न उभा राहत नाही.

प्री-टूर मीटिंग

कंपनीची ही बैठक चुकवू नका. चहा-बिस्किटांसोबत तिथे दोन गोष्टी साधतात. खोलीची यादी आणि जेवणाची पसंती (जैन, उपवास, मांसाहार) तपासून घेता येते, आणि कुणाबरोबर जीपमध्ये बसायला आवडेल याचा अंदाज येतो. टूर मॅनेजरचा नंबर तिथेच घ्या आणि घरच्यांनाही द्या.

निघायचा दिवस

विमान १५ तारखेला पहाटे दोनचं असेल तर घरातून निघायचं १४ च्या संध्याकाळी. वाचताना हे बाळबोध वाटेल, पण दिवसभरानं चुकणारे प्रवासी दर हंगामात असतात. तिकिटावर सहारचं टर्मिनल २ आहे की नवी मुंबईचा विमानतळ, हेही वाचून घ्या.

जुलै-ऑगस्टमध्ये पावसाचा हिशेब धरावा लागतो. अंधेरी आणि मिलन सबवे तुंबले की पश्चिमेकडची गाडी कुठेही अडकते, म्हणून शक्यतो वेस्टर्न एक्स्प्रेस हायवेवरूनच सहार एलिव्हेटेड रस्ता धरा. रविवारी निघणार असाल तर मेगाब्लॉकचं वेळापत्रक आधी बघा. डोंबिवली-कल्याणकडच्यांनी लोकलवर विसंबून राहू नये. मेट्रो ३ चं स्टेशन टर्मिनल २ ला आहे, दिवसाचं विमान आणि एखादीच बॅग असेल तर ती उत्तम. रात्री उशिरा ती नसते. भरतीची वेळ आणि मुसळधार पाऊस एकत्र आला तर दुपारीच निघा आणि विमानतळाजवळच्या नातेवाइकांकडे जेवा.

कंपनीनं दिलेल्या वेळेला, दिलेल्या गेटपाशी. निरोप द्यायला आलेल्यांना तिकिटाशिवाय आत सोडत नाहीत, म्हणून औक्षण, नमस्कार, फोटो घरीच. पासपोर्ट, ईटीएची छापील प्रत, पिवळं कार्ड, विमा आणि परतीचं तिकीट एका फायलीत, फाइल हँडबॅगेत. या सगळ्याचे फोटो फोनवर आणि एक संच घरी. नवरा-बायकोनं एकमेकांचे दोन दोन कपडे एकमेकांच्या बॅगेत ठेवावेत. एक बॅग मागे राहिली तर दोघांचंही निभतं. टूर मॅनेजर सगळ्यांचे पासपोर्ट एकत्र घेऊन चेक-इन करत असेल, तर परत हातात आल्यावर तो आपलाच आहे का ते उघडून बघा. इमिग्रेशनला विचारलंच तर उत्तर थोडक्यात: फिरायला, इतके दिवस, ग्रुपबरोबर.

नैरोबीत

मुंबईहून थेट विमान सुमारे सहा तासांत पोचतं. घड्याळ अडीच तास मागे घ्या. विमानतळावर सिम घेणार असाल तर गाडीत बसण्याआधी, ग्रुपला सांगून. पोलीस, लष्कर, सरकारी इमारती यांचे फोटो काढू नका, आणि मसाई जमातीच्या माणसांचे काढण्याआधी विचारा.

पहिल्याच संध्याकाळी जीपमधल्या जागांचा प्रश्न टूर मॅनेजरसमोर मिटवा. रोज जागा बदलायच्या, पुढची सीट गुडघे दुखणाऱ्यांना, आणि छत उघडल्यावर उंच माणसांनी मागे उभं राहायचं. गाडी सुटताना "गणपती बाप्पा मोरया" हॉटेलच्या फाटकापाशी खुशाल म्हणा. पार्कात शिरल्यावर मात्र कुजबुज. सिंहाला काही वाटो न वाटो, शेजारच्या जीपमधले लोक तासभर ज्या बिबट्याची वाट बघत असतात तो तुमच्या आरोळीनं झाडावरून उतरून निघून जातो. ड्रायव्हर-गाइडला आधीच सांगून ठेवा की तुम्हाला 'बिग फाइव्ह'ची, म्हणजे सिंह, बिबट्या, हत्ती, गेंडा आणि रानम्हैस या पाचही प्राण्यांची, यादी पुरी करायची नाही, एखाद्या ठिकाणी अर्धा तास थांबायला आवडेल. तसं सांगणारा ग्रुप त्याला क्वचितच मिळतो, आणि मग तो दिवसभर निराळ्याच वाटांनी नेतो.